बिनचाड्याची पाभर घेऊन नगरला

नगरला मुद्दाम कोणी जात नाही. आमच्या सांगलीकडच्या माणसाला तर नगर म्हणजे शिर्डीच्या वाटेवरचा चहा. मी मात्र गेल्या भाद्रपदात गणपती पोहोचवून मुद्दाम नगरला गेलो. एकटाही गेलो नाही, एस.टी.च्या टपावर माझी पाभर होती.

शेती न पाहिलेल्यांसाठी सांगतो. पाभर म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार. खाली जमिनीत रेघ ओढणारे फण, वर लाकडी वाटीसारखं चाडं आणि चाड्यातून फणांपर्यंत उतरणाऱ्या नळ्या. बाई मागून चालते आणि मुठीतून चाड्यात बी सोडत जाते. मूठ सैल पडली तर पीक दाट, आवळली तर पातळ. माझ्या पाभरीतून हा मुठीचा सगळा कारभार मी काढून टाकला होता. कडेचं चाक फिरलं की पेटीतला रूळ फिरतो आणि बी सारख्या अंतरानं पडतं. शेजारच्या पेटीतून खत. चाडं नाही, मूठ नाही, चूक नाही. माझ्या तरुणपणातल्या बहुतेक उन्हाळी सुट्ट्या तिच्यात गेल्या आणि त्याचं बक्षीस म्हणून तिला, मी शिकवतो त्या अभियांत्रिकी कॉलेजच्या दारात काचेचं कपाट मिळालं. पाहुणे आले की प्राचार्य कपाटापुढे थांबतात, मी दोन वाक्यं बोलतो, पाहुणे "वा!" म्हणतात आणि जेवायला जातात. ही पाभर करायला घ्या म्हणून सांगलीच्या कारखानदारांना मी किती विनवलं. "बघू की सर," म्हणाले. अजून बघताहेत.

तशात एका परिषदेत दत्ता गाडे भेटला. दत्ता माझा कॉलेजातला मित्र, नगर जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला. माझ्या ड्रॉइंगवर आपला कागद ठेवून, खिडकीच्या काचेशी धरून रेघा मारणारा हा इसम आता कृषी विद्यापीठात अवजारांचा प्रमुख झाला होता आणि व्यासपीठावर बसला होता. मी समोर, पंख्याखाली जागा न मिळालेल्यांत. 'विद्यापीठातलं ज्ञान कारखान्यात आणि कारखान्यातलं बांधावर' असा काहीसा त्याच्या भाषणाचा विषय होता. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पण त्या ऐकू आल्या नसाव्यात.

भाषण संपल्यावर तो थेट माझ्याकडे आला. "जोश्या, नागापूरच्या नव्या औद्योगिक वसाहतीतले आमचे पाच-सहा कारखाने मिळून येत्या हंगामासाठी एकच पाभर करायला घेणार आहेत. माझी एक आहे. तुझीही घेऊन ये. दोन्ही शेतात घालू, सरस ठरेल ती करू."

घरी आल्यावर मी बायकोला म्हटलं, "दत्ताला नक्कीच स्वतःची पाभर पुढे काढायची आहे. माझी फक्त शेजारी उभी करायला हवी आहे."

"मग जाऊ नका," ती म्हणाली.

हे मात्र मला जमण्यासारखं नव्हतं. नगरला कोणी घेतली नाही तर तिला पुन्हा त्या कपाटातच उभं राहायचं होतं आणि मला कपाटापुढे. कॉलेजच्या गड्यांकडून मी ती बाहेर काढून घेतली.

नगरचा स्टँड

पाभर टपावर चढवताना कंडक्टरशी आणि पुण्याला गाडी बदलताना हमालाशी जे झालं ते वगळतो. नगरला उतरवताना मात्र दोर सुटला, पाभर एका अंगावर आदळली आणि एक फण वाकडा झाला. मी फुटपाथवर बसून त्या फणावरून हात फिरवत होतो, तेवढ्यात तीनचाकी टेम्पो घेऊन दत्ता हजर झाला.

"दात पडला वाटतं हिचा," म्हणाला. मग कँटीनकडे बघून, "चहा घेणार?"

"नको रे, आत्ताच झाला," मी म्हणालो. चहा झालेला नव्हता. पण पाहुण्यानं पहिल्यांदा नको म्हणायचं आणि यजमानानं आग्रह करायचा, ही आमच्याकडची रीत. दत्तानं "बरं" म्हटलं, कँटीनमध्ये जाऊन शांतपणे एकट्यानं चहा प्याला आणि तोंड पुसत बाहेर आला. कॉलेजातही तो असाच होता. याला एकदा नको म्हटलं की विषय मिटला. चार वर्षं एका खोलीत राहून मी हे कसं विसरलो कोण जाणे.

नगरची हवा कोरडी, उजेड लख्ख, आणि रस्त्यावर टांग्यांचा आणि सायकलींचा सुखानं चाललेला गोंधळ. आमच्याकडे नदी आहे, हळद आहे, ऊस आहे, नाट्यगृहं आहेत. इथे काय आहे, असं मी मनाशी म्हणत होतो आणि म्हणताना मला बरं वाटत होतं.

नागापूर

ते बरं वाटणं नागापूरला पोहोचेपर्यंतच टिकलं. शहराबाहेरच्या माळावर वसाहत नुकती उभी राहत होती. बाभळी तोडून केलेले रस्ते, पत्र्याच्या शेड, अर्धवट कुंपणं. दिसायला काहीच नाही. त्या दिवशी वसाहतीची साप्ताहिक सुटी होती, म्हणून मला वाटलं, सगळं सामसूम असेल. तर एका फौंड्रीच्या ओसरीवर ही गर्दी!

मधोमध गोणपाट पसरलेलं आणि त्यावर मोडकी लोखंडं मांडलेली: तुटलेले फण, दात गेलेली चाकं, चिरलेल्या पेट्या. शेतकऱ्यांनी गेल्या हंगामात मोडून परत आणलेलं सामान. भोवती ओतकाम करणारा, पेट्या करणारा, चाकं करणारा असे वेगवेगळ्या कारखान्यांचे मालक मांड्या घालून बसले होते. प्रत्येक मोडका तुकडा उचलून हातोहात फिरवायचा आणि तो कोणामुळे मोडला यावर भांडायचं, असा त्यांचा दर सुटीचा कार्यक्रम होता. ते त्याला 'मोडका बाजार' म्हणत.

"हे कुनाचं?" फौंड्रीचे मालक शेखभाई एक चाक वर धरून विचारत होते. धिप्पाड माणूस, मेंदी लावलेली दाढी.

"ओतलंय तुमीच," पेट्यावाला म्हणाला.

"ओतलं मी, पन दात इतके बारीक काढले कुनी? गाडेसाहेबांनी! साहेब, राग नका मानू, लई भिकार डिझाइन हाय हे."

मी दत्ताकडे पाहिलं. विद्यापीठातला विभागप्रमुख, त्याला चारचौघांत भिकार म्हटलं होतं. आमच्याकडे यावर निषेधाचा ठराव झाला असता. दत्तानं ते चाक हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाला, "खरंय. दात जाड करू." झालं. पुढचा तुकडा.

मला राग आला, आणि तो कशाचा हे मला चांगलं कळत होतं. आमच्या सांगलीत एका कारखान्याचा मालक दुसऱ्याच्या कारखान्यात शिरला की दुसरा आपल्या साच्यांवर पोतं टाकतो. माझ्या पाभरीला इतक्या वर्षांत कोणी 'वा' खेरीज काही म्हटलेलं नव्हतं. मी सांगलीला हे सांगायला हवं, असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन म्हणत होतं, ही ओसरी पावसानं पडावी.

एवढ्यात शेखभाईंचं लक्ष टेम्पोकडे गेलं. मी पाभरीवर माझी चादर पांघरली होती. चार कारखानदारांच्या नजरेसमोर माझं डिझाइन उघडं कसं ठेवायचं?

"सर, तब्बेत बरी नाही का तिची?" त्यांनी विचारलं. "थंडी वाजती का?"

सगळे हसले. दत्ता म्हणाला, "याला चोरीची भीती वाटतेय. जोश्या, इथून शिंगणापूर जवळ आहे, तिथं घरांना दारंच नाहीत. तिथं नेऊन ठेवू या का?"

मी चादर काढली. दुसरं काय करणार? सगळे उठून टेम्पोभोवती जमले. शेखभाईंनी वाकडा फण पाहिला, आत जाऊन भट्टी पेटवली आणि सुटीच्या दिवशी तो तापवून सरळ करून दिला. बाकीचे वाकून रूळ पाहत होते, चाक फिरवत होते, नळीत बोट घालत होते. मला प्रत्येक बोट आपल्याच नाकात गेल्यासारखं वाटत होतं. पण "रूळ झकास केलाय" असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा तो कोण हे मी पाहून ठेवलं.

दत्ताची पाभर शेजारच्याच शेडमध्ये होती. मीही सूड म्हणून तिच्यात वाकलो. चाक, रूळ, पेट्या. कल्पना माझ्याच जातीची, पण काम ओबडधोबड. आणि एवढं सगळं यंत्र केल्यावर मधल्या फणावर ह्या गृहस्थानं जुनं लाकडी चाडं तसंच ठेवलेलं.

"ही वाटी कशाला?" मी विचारलं. "पेटीतून बी पडतंय, वरून मुठीनंही पडणार. मधल्या ओळीत दुप्पट!"

"असू दे," दत्ता म्हणाला.

याला जुनं सोडवत नाही, मी मनात नोंद केली. इथे आपण जिंकलो.

विद्यापीठही पाहिलं. तिथे अवजारांना कपाट नव्हतं. एका उघड्या शेडखाली, चिखल लागलेली, दोऱ्यांनी बांधलेली अवजारं पडली होती, आणि एक शेतकरी त्यातलं कोळपं खांद्यावर टाकून चालला होता. "कुठं नेतोय हा?" मी दचकून विचारलं. "मोडायला," दत्ता म्हणाला. इतक्या पाहुण्यांना मी आमचं कपाट दाखवलं, पण अवजार इतक्या निश्चिंतपणे कोणाला नेताना पाहिलं नव्हतं.

कर्जत

दुसऱ्या दिवशी दोन्ही पाभरी टेम्पोत घालून आम्ही कर्जतकडे निघालो. शेखभाई पुढे ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघं मागे पाभरींच्या मध्ये. रस्त्याच्या दोन्ही कडांना गेल्या वर्षीच्या दुष्काळी कामातले फोडलेल्या खडीचे ढीग अजून होते. त्यांच्यावर आता गवत उगवलं होतं. मधूनच एखाद्या नव्या पाझर तलावात पाणी चकाकायचं आणि शेखभाई हात जोडायचे. काळी रानं नांगरून, कुळवून तयार होती. आमच्याकडच्या उसाच्या गर्द हिरवाईची सवय असलेल्या डोळ्यांना ही रानं आधी ओकीबोकी वाटली. नंतर मात्र त्यांचं ते ओल धरून थांबलेलं रूप मला आवडायला लागलं, आणि आवडलं याचाही थोडा राग आला.

किसनराव आणि सोनाबाई या जोडप्याच्या रानात चाचणी होती. दोघंही पन्नाशीतली. दुष्काळात त्यांचा एक बैल गेला होता, म्हणून दुसरा बैल शेजाऱ्याचा, सावडीनं, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबवायच्या बोलीवर आणलेला. सोनाबाईंनी पेरणीचं म्हणून नवं लुगडं नेसलं होतं, पाभरीला हळदकुंकू लावायला ताटली आणली होती आणि ओटीत ज्वारीचं बी घेतलं होतं.

आधी जेवण. भाकरी आणि शिपी आमटी. डाळीची, गरम मसाल्याची, वर लालभडक तवंग. कोल्हापूरचा तांबडा रस्सा पचवलेला माणूस मी, पण दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं.

"तिकाट लागलं व्हय?" सोनाबाईंनी विचारलं.

"छे छे," मी म्हणालो, आणि त्यांनी आणखी एक पळी वाढली.

मग दत्ताची पाभर जुंपली. सोनाबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं, ओटीतलं बी मुठीत घेतलं, मूठ चाड्यावर धरली, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटल्या. किसनरावांनी बैल हाकले. अर्धं रान पेरून झालं. मी मागून चालत बोटानं माती उकरून पाहत होतो. बी पडत होतं, पण कुठे दाट, कुठे विरळ. मला इतका आनंद झाला की मी तो लपवायला बुटातले खडे काढत बसलो.

आता माझी. बैल जुंपले. सोनाबाई कुंकू घेऊन पुढे आल्या, मूठ भरली, हात उचलला आणि तो हात तसाच राहिला. त्यांनी पाभरीच्या या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं.

"सायेब," त्या म्हणाल्या, "मूठ कुटं धरायची?"

"मूठ धरायचीच नाही बाई," मी उत्साहानं सांगितलं. "तीच तर गंमत आहे. बी आपोआप पडतं. तुम्ही बांधावर बसा, विश्रांती घ्या."

त्यांच्या चेहऱ्यावर विश्रांतीचा आनंद काही दिसेना. किसनराव बैलांपासून मागे आले. "बिनचाड्याची पाभर! आवो, मग पेरलं कुनी म्हनायचं?"

"यंत्रानं."

"यंत्राला कोन विचारतंय? दरसाल हिच्या हातची मूठ पडती रानात. दुष्काळाच्या सालीबी पडली, उगवलं न्हाई तरी पडली. यंदा रानाला बिनमुठीचं सोडायचं व्हय?"

सोनाबाई मूठ आवळून उभ्या होत्या. बी त्यांनी ओटीत परत टाकलं नव्हतं आणि पुढेही होत नव्हत्या. मी दत्ताकडे पाहिलं. हे त्याला माहीत होतं. नागापूरला त्याच वाटीला मी हसलो होतो आणि तो "असू दे" म्हणाला होता. आता तो काही न बोलता मजा बघत बसेल, अशी माझी खात्री होती. त्याच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं.

दत्ता टेम्पोकडे गेला. ड्रायव्हरचं रॉकेलचं नरसाळं घेऊन आला, शर्टाच्या टोकानं ते पुसलं, तारेनं माझ्या पाभरीच्या मधोमध बांधलं आणि त्याचं तोंड मधल्या नळीत बसवलं. माझी पाभर! तिच्या डोक्यावर रॉकेलचं नरसाळं!

"अरे, मधल्या ओळीत दुप्पट बी पडेल!" मी ओरडलो. "निदान झाकण तरी लाव त्याला! पहिली मूठ झाली की मिटायचं!"

"आत्ता झाकण कुठलं आणू? चल, हाका बैल."

सोनाबाईंनी नरसाळ्याला कुंकू लावलं, मूठ धरली आणि पुटपुटल्या. बैल चालले. चाक फिरलं, रूळ फिरला. इतकी वर्षं जी काचेमागे उभी होती ती काळ्या रानातून डुलत निघाली, आणि मला मान्य करायला हरकत नाही, मला पुन्हा डोळे पुसावे लागले. आमटीचं असेल.

रान संपल्यावर किसनरावांनी स्वतः माती उकरली. इथे, तिथे, आणखी पुढे. मग उभे राहिले, हात झटकले. "गाडेसायेब, राग मानू नका. पन पाव्हन्यांची पाभर तुमच्या पाभरीपेक्षा लई सारकं पेरती. मधली वळ सोडली तर."

त्या क्षणी मी दत्ताचा चेहरा पाहिला. डोळे बारीक झाले होते, ओठ आवळले होते. तो चेहरा मला ओळखीचा होता. दाढी करताना आरशात रोज दिसतो. दत्तालाही हेवा वाटतो! नगरच्या प्रवासात पाहण्यासारखं काय, असं कोणी विचारलं तर मी हे पहिलं सांगेन.

पण तो चेहरा टिकला नाही. दत्ता खाली बसला, सरीतून बोट ओढत थोडा पुढे गेला, पडलेलं बी त्यानं नीट पाहिलं आणि उठला. "शेखभाई, हीच करू," म्हणाला. स्वतःची पाभर बांधावर तशीच उभी होती. तिच्याकडे त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी जिंकलो होतो. ज्यासाठी आलो ते झालं होतं. आणि तरी टेम्पोत बसताना मला पहिल्यापेक्षा जास्त हेवा वाटत होता. पाभर तर मला करता येत होती, पण 'हीच करू' हे मला कधी म्हणता आलं नसतं.

निघताना

पाभर नागापूरलाच ठेवायची होती. शेखभाईंनी ती खोलायला घेतली, तेव्हा मी शेडबाहेर जाऊन उभा राहिलो. दत्ता मला स्टँडवर सोडायला आला. गाडी लागलेली होती.

"पेटीवर नाव घालू या का तुझं?" त्यानं विचारलं. "जोशी पाभर."

इतक्या वर्षांत मला याहून जास्त काही हवं नव्हतं.

"छे, छे, नाव कशाला?" मी म्हणालो.

"बरं," दत्ता म्हणाला.

मी थांबलो. तो आणखी एकदा विचारील म्हणून थांबलो. कंडक्टरनं घंटी मारली. मी पायरीवर उभा राहून दत्ताकडे पाहत होतो आणि तो हसून हात हलवत होता. गाडी सुप्याच्या पुढे जाईपर्यंत मी स्वतःला जे काही म्हणालो ते इथे छापण्यासारखं नाही.

सांगली

आमच्या कॉलेजच्या काचेच्या कपाटात आता क्रीडा विभागाचे कप आहेत. प्राचार्यांनी मला नगरच्या प्रयोगावर एक व्याख्यान द्यायला लावलं. विद्यापीठ, कारखाने आणि शेतकरी एका ओसरीवर कसे बसतात, मोडकी लोखंडं मांडून कसे भांडतात, हे मी अगदी रंगवून सांगितलं. स्थानिक कारखानदार मुद्दाम आले होते. आपणही सांगलीत असा मोडका बाजार भरवू या, असं मी कळकळून म्हटलं. "बघू की सर," ते म्हणाले.

परवा, पेरण्या तोंडावर आल्या म्हणून, बाजारातल्या एका अवजारांच्या दुकानावरून जात होतो. दाराशी एक पाभर उभी होती. निळा रंग, पेटीवर पांढऱ्या अक्षरांत फक्त 'नगर'. चाक तेच, रूळ तोच. फण मात्र जाड केलेले. आणि मधोमध नरसाळ्याच्या जागी ओतीव लोखंडाचं सुबक चाडं. शेखभाईंचा हात मी ओळखला.

एक शेतकरी नवराबायको तिच्याभोवती फिरत होते. बाईनं सहज चाड्यावर मूठ धरून पाहिली आणि नवऱ्याकडे बघून मान हलवली. घेणार होते ती.

"नगरची आहे सर," दुकानदार मला म्हणाला. त्याचा मुलगा आमच्याकडे शिकतो. "नेल्या की संपतात. काय डोकं आहे बघा त्या लोकांचं! आपल्या कॉलेजातही असं काहीतरी निघायला पाहिजे. तुमच्यासारख्यांनी मनावर घ्या."

चाड्याच्या कडेला एक छोटी पितळी पट्टी होती. मी ती अंगठ्यानं सरकवली, आणि चाड्याचं तोंड आतून झाकणानं मिटलं. पहिली मूठ झाली की मिटायचं, म्हणजे मधली ओळ दाट होत नाही. कर्जतच्या रानात चिडून ओरडलो होतो ते सगळं त्यांनी शब्दन् शब्द ऐकलं होतं.

"अरे!" दुकानदार वाकून पाहत म्हणाला. "ही पट्टी कशाची ते आम्हाला कळतच नव्हतं. तुम्हाला कसं माहीत, सर?"

नाव सांगायची ती दुसरी संधी होती. या वेळी कोणी आग्रहही करायची गरज नव्हती. बाई माझ्याकडे बघत होती, मूठ अजून चाड्यावर.

"नगरला पाहिलं," मी म्हणालो.